विश्लेषण : २८ वर्षं खपून बनवलेला, तरी अपुराच राहिलेला ‘द थीफ अँड द कॉब्लर’ चाहत्यांनी कसा वाचवला?

ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत ‘अरेबियन नाइट’ नावाचा एक ॲनिमेशनपट लागला. फारशी जाहिरात नव्हती, समीक्षकांनीही दखल घेण्यासारखं काही लिहिलं नाही. अमेरिकेत त्याची कमाई सात लाख डॉलरच्याही आतच राहिली. बघायला आलेल्या बहुतेकांना तो ‘अलादिन’ची स्वस्तातली नक्कल वाटला. वास्तविक हा सिनेमा बनायला सुरुवात झाली तेव्हा ‘अलादिन’वर काम करणाऱ्यांपैकी अनेक जण जन्मलेही नव्हते.

या सिनेमाचे जगभर निष्ठावंत चाहते आहेत. गंमत म्हणजे त्यांचं प्रेम थिएटरात लागलेल्या त्या सिनेमावर नाही. त्यांचा जीव आहे तो त्याच्या अपुऱ्या आवृत्तीवर. काही प्रसंग रंगवलेले, काही नुसत्या पेन्सिलच्या रेघांतले, अशी ही आवृत्ती चाहत्यांनी तुकडा तुकडा जमवून स्वतः जोडली. एका दिग्दर्शकाच्या हातून निसटलेलं काम परक्या लोकांनी का सांभाळलं, आणि त्यात इतकं होतं तरी काय?

गोष्ट काय आहे?

सोनेरी नगरी नावाचं एक शहर. राजा नॉड सदा पेंगुळलेला. शहरातल्या सर्वात उंच मिनारावर तीन सोन्याचे गोळे. हे गोळे तिथे आहेत तोवर शहर सुरक्षित, ते गेले की एकाक्ष सैनिकांची फौज शहराचा नाश करणार, अशी भविष्यवाणी आहे. तेव्हा शहराला वाचवेल तो अगदी साधा माणूस, आणि तेही अगदी साध्या, छोट्याशा वस्तूनं, असंही त्या भविष्यवाणीत आहे.

तो साधा माणूस म्हणजे टॅक हा मोची. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बसणारे मोची बारीक खिळे ओठांत धरून काम करतात, तसे टॅकच्याही तोंडात कायम खिळे असतात. त्यामुळे तो बोलत नाही. दुसरा नायक एक चोर आहे. त्याला नाव नाही, तोही बोलत नाही, आणि चोरी करायला गेला की फजितीच जास्त होते. भोवती माश्या घोंघावत असतात, पण हाव काही सुटत नाही. याशिवाय राजकन्या यमयम आहे आणि झिगझॅग हा कपटी वजीर. वजीर यमकांतच बोलतो. त्याला आवाज दिलाय भयपटांचे बादशहा व्हिन्सेंट प्राइस यांनी.

दोन्ही मुख्य पात्रं मुकी. म्हणजे जे सांगायचं ते चालण्यातून, हातांतून, डोळ्यांतूनच सांगायचं. ही अट दिग्दर्शकानं स्वतःवरच घालून घेतली होती. पुढे सगळं बिनसलं तेव्हा पहिला घाव बसला तो यावरच.

रिचर्ड विल्यम्स कोण होते?

विल्यम्स यांचा जन्म १९३३ चा, कॅनडातल्या टोरांटोचा. पुढे लंडनमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. टीव्हीवरच्या जाहिराती आणि सिनेमांची श्रेयनामावली हा त्या स्टुडिओचा पोटापाण्याचा धंदा होता. ‘पिंक पँथर’ मालिकेतल्या १९७५ आणि १९७६ च्या सिनेमांची गाजलेली ॲनिमेटेड शीर्षकं याच स्टुडिओची. त्यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या लघुपटाला ऑस्कर मिळालं.

धंद्यातून येणारा पैसा ते ज्या स्वप्नात ओतत होते, त्याची सुरुवात १९६४ ची. आणि त्या स्वप्नाचं मूळ आपल्याही ओळखीचं आहे : मुल्ला नसरुद्दीन. लेखक इद्रिस शाह यांच्या नसरुद्दीनच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी विल्यम्स चित्रं काढत होते. त्यातून पूर्ण लांबीचा सिनेमा करायचं ठरलं. बरीच वर्षं कामही झालं. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शाह कुटुंबाशी त्यांचं फाटलं आणि नसरुद्दीन हातचा गेला. विल्यम्स यांच्याकडे राहिली ती त्यांनी स्वतः घडवलेली पात्रं. त्यात चोर होता. मग त्या चोराभोवती नवी गोष्ट रचली गेली.

इतकी वर्षं का लागली?

इथे थोडं गणित करावं लागेल. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम पडद्यावरून जातात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सहसा एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. डोळ्याला ते चालून जातं आणि खर्च निम्म्यावर येतो. ॲनिमेशनवाल्यांच्या भाषेत याला ‘टू’वर काम करणं म्हणतात.

विल्यम्स यांना ‘वन’ हवा होता. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र. दीड तासाच्या सिनेमात १,२९,६०० फ्रेम होतात. शिवाय एका फ्रेममध्ये दोन-तीन पात्रं असतील तर प्रत्येकाचं चित्र वेगळं. त्यात कॅमेरा फिरतोय असं दाखवायचं असेल तर मागची भिंत, जिना, फरशी हेसुद्धा दर फ्रेमला नव्यानं काढायचं. आज हे काम संगणक करतो. त्या काळी पेन्सिल, पट्टी आणि माणसाची मान.

या हट्टाचा नमुना म्हणजे राजवाड्यातला पाठलाग. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवरून टॅक चोराच्या मागे धावतो. फरशी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही, जिने वर जातात की खाली तेही नाही. इराणी लघुचित्रांत जशी खोली नसते, सगळं एकाच पातळीवर पसरलेलं असतं, तसं हे जग सपाट दिसतं. पात्रं पळायला लागली की त्याच सपाटीला अचानक खोली येते. लेआउटकार रॉय नेस्बिट यांच्या हातची ही करामत आजही ॲनिमेशनचे विद्यार्थी फ्रेम थांबवून थांबवून बघतात.

दुसरं कारण माणसांचं. हॉलिवूडच्या सुवर्णकाळातले उस्ताद म्हातारे होत चालले होते आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच जाणार हे विल्यम्स यांना दिसत होतं. त्यांनी या मंडळींना आपल्या स्टुडिओत आणलं. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांत हयात घालवलेले केन हॅरिस चोराचं काम बघू लागले. डिस्नेच्या ‘फँटेशिया’त मशरूमचा नाच जिवंत करणारे आर्ट बॅबिट आले. ‘बेटी बूप’वाले ग्रिम नॅटविक आले. तरुण मुलं त्यांच्या शेजारी बसून शिकत होती, आणि खुद्द विल्यम्ससुद्धा शिकत होते. शिकता शिकता आधी केलेलं काम कच्चं वाटायला लागायचं. मग ते पुन्हा करायचं. हॅरिस १९८२ मध्ये गेले, नॅटविक १९९० मध्ये, बॅबिट १९९२ मध्ये. सिनेमा सुरूच होता.

मग पैसा कुठून आला?

पहिली अनेक वर्षं स्वतःच्याच खिशातून. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सौदी राजपुत्र मोहम्मद बिन फैसल यांनी नमुन्यादाखल दहा मिनिटांच्या प्रसंगासाठी पैसे दिले. विल्यम्स यांनी त्यासाठी सिनेमातला सर्वात अवघड प्रसंग निवडला. एकाक्ष फौजेचं अवाढव्य युद्धयंत्र कोसळतं तो शेवट. प्रसंग अप्रतिम झाला, पण मुदत उलटून गेली होती आणि खर्च ठरल्यापेक्षा दुपटीहून जास्त. राजपुत्रानं माघार घेतली.

नशीब पालटलं १९८८ मध्ये. रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’चे ॲनिमेशन दिग्दर्शक विल्यम्स होते. जिवंत नट आणि कार्टून एकाच फ्रेममध्ये खरोखर एकत्र वावरताना दिसले. सिनेमा तुफान चालला, विल्यम्स यांना आणखी दोन ऑस्कर मिळाली. आता वॉर्नर ब्रदर्स पुढे आलं.

हा करार समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. वॉर्नरनं आधी पैसे ओतले नाहीत. सिनेमा पूर्ण करून द्या, आम्ही तो घेऊ, असं वचन दिलं. त्या वचनाच्या जोरावर बाकीचा पैसा उभा राहिला. अशा व्यवहारात पैसे लावणाऱ्याला खात्री लागते, म्हणून तिसरी एक कंपनी ‘कम्प्लीशन बाँड’ देते. आपल्याकडे सरकारी कामाचं टेंडर घेताना ठेकेदार बँक गॅरंटी देतो, त्याचाच हा भाऊबंद. फरक इतकाच की इथे काम रखडलं तर हमी देणारी कंपनी नुसती दंड भरत नाही. ती कामच ताब्यात घेते आणि तिला हवं तसं पुरं करून टाकते.

१९९२ च्या मे महिन्यात काय झालं?

ठरलेली मुदत १९९१ ची होती. ती हुकली. विल्यम्स आखीव पटचित्रं, म्हणजे स्टोरीबोर्ड, न करता प्रसंग सुचतील तसे वाढवत नेणारे. एकटे, स्वतःच्या पैशांनी काम करत होते तोवर ते खपलं. करार झाल्यावर तो गुन्हा ठरला. तिकडे डिस्नेचा ‘अलादिन’ १९९२ मध्ये येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अरबी वातावरण, कपटी वजीर, राजकन्या, गरीब नायक. वॉर्नरचा धीर सुटला.

१३ मे १९९२ रोजी वॉर्नरच्या लोकांना कच्ची प्रत दाखवण्यात आली. झालेले प्रसंग, आणि न झालेल्यांच्या जागी रेखाटनं. साधारण दहा-पंधरा मिनिटांचं काम बाकी होतं. वॉर्नरनं हात काढून घेतले. दोनच दिवसांत बाँड कंपनीनं सिनेमाचा ताबा घेतला. २८ वर्षांचं काम त्यांच्या हातातून गेलं, आणि ते जेमतेम पाव तासाच्या सिनेमासाठी.

एक मात्र मान्य करायला हवं. बाँड कंपनी खलनायक होती असं म्हणणं सोपं आहे, पण तिनं कागदावर जे लिहिलं होतं तेच केलं. त्या कागदावर विल्यम्स यांचीही सही होती. चाहत्यांमध्ये आजही यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, आणखी थोडे महिने दिले असते तर काय बिघडलं असतं? दुसरा म्हणतो, ते महिने १९७९ मध्येही मागितले होते.

सिनेमाचं पुढे काय केलं?

निर्माते फ्रेड कॅल्व्हर्ट यांच्याकडे काम सोपवलं गेलं. उरलेले प्रसंग स्वस्तात करून घेतले, डिस्नेच्या धर्तीवर गाणी घातली, टॅकच्या तोंडी संवाद दिले. विल्यम्स यांचे पूर्ण झालेले काही प्रसंग कापले. ही आवृत्ती १९९३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत ‘द प्रिन्सेस अँड द कॉब्लर’ या नावानं लागली.

अमेरिकेसाठी मिरामॅक्सनं आणखी कात्री लावली. मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या आवाजात टॅक बोलू लागला. चोरालाही गप्प ठेवलं नाही. त्याच्या मनातले विचार म्हणून जोनाथन विंटर्स यांच्या आवाजातली अखंड बडबड त्याच्या मुक्या अभिनयावर चढवली. केन हॅरिस यांनी खांद्याच्या एका हेलकाव्यातून जे सांगितलं होतं, तेच आता प्रेक्षकाला शब्दांत ऐकवलं जात होतं. एखाद्या मूकपटावर क्रिकेटची कॉमेंट्री लावावी, तसं. हाच तो १९९५ चा ‘अरेबियन नाइट’. मिरामॅक्सची मालकी तेव्हा डिस्नेकडे होती, हा योगायोग चाहते अजून विसरलेले नाहीत.

‘अलादिन’नं चोरी केली का?

चाहत्यांचा हा आवडता वाद. झिगझॅग आणि जाफर शेजारी ठेवले तर साम्य डोळ्यांत भरतं. लंडनच्या या स्टुडिओत काम केलेले ॲनिमेटर पुढे डिस्नेतही गेले होते. पण कपटी वजीर, भोळा राजा आणि राजकन्या हा अरबी सुरस कथांचा जुनाच साचा आहे. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या ब्रिटिश सिनेमातही वजिराचं नाव जाफरच होतं. तेव्हा चोरीचा आरोप ठामपणे करता येत नाही. नुकसान मात्र ठामपणे सांगता येतं : जो आधी सुरू झाला, तो लोकांना नंतरचा वाटला.

चाहत्यांनी नेमकं काय केलं?

मे १९९२ मध्ये दाखवलेल्या त्या कच्च्या प्रतीच्या व्हीएचएस कॅसेट ॲनिमेशनच्या जगात गुपचूप फिरू लागल्या. कॉपीवरून कॉपी. रंग उडालेले, आवाज फाटलेला, चित्र थरथरणारं. तरीही बघणाऱ्याला कळायचं की खरा सिनेमा हा आहे.

गॅरेट गिलख्रिस्ट हा अमेरिकी चित्रकार-दिग्दर्शक या चाहत्यांपैकीच एक. त्यानं २००६ मध्ये ‘द रिकॉब्ल्ड कट’ नावाची आवृत्ती इंटरनेटवर आणली. ‘कॉब्लर’ आणि ‘नव्यानं सांधणं’ अशी दुहेरी कोटी त्या नावात आहे. फाटका जोडा मोची दुरुस्त करतो, तसाच हा उद्योग. सांगाडा कच्च्या प्रतीचा घ्यायचा. एखादा प्रसंग थिएटरातल्या आवृत्तीत शाबूत असेल, तर तो जपानमध्ये निघालेल्या वाइडस्क्रीन डीव्हीडीतून उचलायचा. कुणाकडे ३५ मिलिमीटर फिल्मचे मूळ तुकडे निघाले तर ते स्कॅन करायचे. नव्यानं घुसवलेले संवाद आणि गाणी काढायची, मूळ शांतता परत आणायची. जिथे काहीच सापडत नाही तिथे पेन्सिल चाचण्या आणि रेखाटनं तशीच ठेवायची. आवाजाच्या दोन वेगवेगळ्या प्रतींचा वेग जुळत नसेल, तर तोही जुळवत बसायचं.

बातमी पसरली तसे मूळ सिनेमावर काम केलेले काही ॲनिमेटरही मदतीला आले. घरी ठेवलेल्या टेप, चित्रं, फिल्मचे तुकडे बाहेर निघाले. नवी सामग्री मिळाली की नवी आवृत्ती. चौथी सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये आली, हाय डेफिनिशनमध्ये. मधल्या काळात, २०१२ मध्ये, केव्हिन श्रेक यांचा ‘पर्सिस्टन्स ऑफ व्हिजन’ हा माहितीपट आला आणि सिनेमाच्या जन्माची व मृत्यूची कहाणी ॲनिमेशनच्या वर्तुळाबाहेरही पोचली.

हे सगळं अनधिकृत होतं. सिनेमाचे हक्क चाहत्यांकडे नव्हते आणि नाहीत. कुणी यावर पैसा कमावला नाही, म्हणून कायद्याचा प्रश्न मिटतो असंही नाही. पण इतकं खरं की हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी कापलेला सिनेमा विकला, आणि हक्क नसलेल्यांनी मूळ सिनेमा शोधला.

विल्यम्स काय म्हणाले?

अनेक वर्षं काहीच नाही. या सिनेमाबद्दल ते बोलणंच टाळत. पण हात थांबला नव्हता. त्यांनी देशोदेशी ॲनिमेशनच्या कार्यशाळा घेतल्या. त्यातून २००१ मध्ये ‘द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’ हे पुस्तक आलं. पात्र चालतं कसं, वजन कुठल्या पायावर येतं, डोळ्याची पापणी कधी मिटते, हे सगळं त्यात रेखाटनांसह आहे. आज जगभर ॲनिमेशन शिकणाऱ्यांच्या टेबलावर हे पुस्तक असतं. हॅरिस, बॅबिट आणि नॅटविक यांच्याकडून मिळालेली विद्या सिनेमातून पोचली नाही, ती पुस्तकातून पोचली.

आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं लॉस एंजेलिसमध्ये मूळ कच्च्या प्रतीचा खेळ लावला. नाव दिलं ‘अ मोमेंट इन टाइम’, म्हणजे काम हातातून गेलं त्या क्षणी सिनेमा जिथे होता, तिथेच थांबवून दाखवलेला. स्वतः विल्यम्स हजर होते. त्यांचं वय तेव्हा ८० होतं. ‘प्रोलॉग’ हा हातानं काढलेला लघुपट त्यांनी त्यानंतर पूर्ण केला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते गेले.

इतकं प्रेम कशासाठी?

सिनेमा निर्दोष आहे म्हणून नक्कीच नाही. मूळ कच्ची प्रत बघितली तरी गोष्टीची वीण सैल वाटते. वाळवंटातला मधला भाग रेंगाळतो. टॅक आणि यमयम यांच्या प्रेमापेक्षा चोराच्या फजितीला जास्त जागा मिळते. मोठ्या पडद्यावर तो अशाच रूपात लागला असता तर चालला असता का, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही.

तरीही युद्धयंत्राचा शेवट एकदा बघाच. टॅक एकच बारीक खिळा फेकतो. त्यातून एकामागून एक चाकं निसटतात, तरफा उलटतात, तोफा आपल्याच माणसांवर फुटतात आणि डोंगराएवढं यंत्र स्वतःलाच गिळायला लागतं. त्या सगळ्या कोसळण्यातून चोर शांतपणे चालत जातोय. वर-खाली फेकला जातोय, दात्यांमधून सुटतोय, पण नजर त्या तीन सोन्याच्या गोळ्यांवरून हलत नाही. यातला प्रत्येक दाता, प्रत्येक फळी हातानं काढलेली आहे. चाहते सांगतात ते हेच : गोष्टीत कमी-जास्त असेल, पण माणसाचा हात कुठवर जाऊ शकतो, याचा असा दुसरा पुरावा नाही.

आज काही सेकंदांत एआयकडून चित्र काढून मिळतं, त्या काळात तर हा पुरावा आणखी मोलाचा वाटतो. ‘रिकॉब्ल्ड कट’ बघताना एखादा रंगीत प्रसंग मध्येच संपतो आणि पुढचं पात्र नुसत्या पेन्सिलच्या रेघांत हालचाल करू लागतं. थिएटरात हा दोष ठरला असता. इथे मात्र प्रेक्षकाला दिसतं की रंगाच्या खाली काय होतं आणि काम कुठे थांबलं.

बघायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

नाव बघून फसू नका. मिरामॅक्सची कापलेली आवृत्तीही नंतर ‘द थीफ अँड द कॉब्लर’ याच नावानं व्हिडिओवर आली. ओळखायची खूण सोपी आहे : चोर मनातल्या मनात बडबडत असेल तर बंद करा. तो गप्प असेल तर शेवटपर्यंत बघा. कारण शेवटी सगळं सुखरूप झाल्यावर तो गप्प चोर चक्क सिनेमाचं रीळच चोरतो आणि पळून जातो. हा विनोद विल्यम्स यांनी रचला तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय, याची त्यांना कल्पना नव्हती.